रोबोटाचं डोकं काढायचं नाही

वाईची माणसं उल्हासनगरला जातात ती जीन्स नाहीतर लग्नाचे कपडे घ्यायला. मी रोबोट घ्यायला चाललेय हे ऐकल्यापासून शेजारच्या काकू माझ्याशी जरा जपूनच बोलत होत्या.

कारण साधं आहे. शाळेतून निवृत्त झाले तरी उन्हाळी शिबिरात मुलांचं नाटक बसवायचं खूळ माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. यंदाच्या नाटकात एक रोबोट आहे. तो एका घरात कामाला येतो, सगळे त्याला राबवून घेतात आणि शेवटच्या प्रवेशात तो रडतो. मागं एकदा असंच नाटक केलं होतं, तेव्हा खोक्यांना चंदेरी कागद चिकटवून रोबोट बनवला होता. पहिल्या रांगेतलं एक कार्टं शांतपणे म्हणालं, "हा टीव्हीचा खोका आहे," आणि सगळा हॉल हसला. पुढचा रोबोट खराखुरा असेल असं मी तेव्हाच ठरवलं होतं. खराखुरा म्हणजे सिनेमातल्यासारखा.

अंबरनाथला माझी मैत्रीण शालन राहते. तिनं फोनवर सांगितलं की आमच्याकडं हळदीला, रिसेप्शनला रोबोट नाचवतात, आणि ते उल्हासनगरात बनतात. "आत माणूस असतो, पण कळत नाही," म्हणाली. मी बॅग भरली.

उल्हासनगर, कॅम्प दोन

कॅम्प दोनच्या बाजारात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दुकानात शिरावंच लागतं, आणि शिरलं की काहीतरी विकत घ्यावं लागतं. शालननं असे दोन उशांचे अभ्रे घेतले. तिथून एका नवरदेवांच्या फेट्यांच्या दुकानाशेजारचा लोखंडी जिना चढला की रोबोट बनवणाऱ्या परसूभाईंचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला एकेक रोबोटाचं डोकं टांगलेलं. खाली चपलांच्या तळव्याला लावतात तसल्या फोमचे तक्ते, दिव्यांच्या पट्ट्या आणि चांदीच्या रंगाचे डबे.

परसूभाई सिंधी, साठीच्या पुढचे, गळ्यात चष्मा. "साईं, बसा बसा," म्हणाले आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड समोर ठेवला. आमच्याकडं पाहुण्याला गूळ-पाणी देतात, इकडं पापड-पाणी. उन्हातून आल्यावर पापड कसला खायचा असं मला वाटलं, पण खाल्ल्यावर पाणी खरंच गोड लागलं. मी दुसराही खाल्ला.

"रोबोट कैसा चाहिए? चांगला की खराब?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "चांगलाच द्या, उगीच खराब कशाला?"

"वैसा नहीं बाई. चांगला म्हणजे निळे डोळे. खराब म्हणजे लाल डोळे. पब्लिकला मालूम असतं. हळदीला मी लाल डोळे देतच नाही. एकदा दिले, तर नवरीची आजी बेहोश."

मग त्यांनी मला रोबोटाचं सगळं शास्त्र सांगितलं. रोबोट उंच पाहिजे, म्हणून आतल्या माणसाच्या पायाखाली उंचवटे. छाती रुंद, कंबर बारीक. जाडा रोबोट कुणी बुक करत नाही. मान वळवायची तर झटक्यानं, हात उचलायचा तर तुकड्यातुकड्यानं. बोलायचं नाकातून. "अब बताओ बाई, असली रोबोट किसने देखा है? कोणी नाही. पण रोबोट कसा असतो ते सगळ्यांना मालूम. पिक्चर, कार्टून, मोबाइल. मी वेगळा बनवला तर म्हणतात, ये रोबोट नहीं लगता."

हे मला पटलं. आमच्या कॅलेंडरवरच्या देवांचंही तसंच आहे. मी स्वतः आजवर लिहिलेला प्रत्येक रोबोट एक तर घरगडी होता नाहीतर राक्षस, आणि दोन्ही प्रकारचे शेवटी रडायचे. रडला की टाळ्या. मी परसूभाईंना म्हणाले, "मला डोळ्यांतून पाणी येणारा पाहिजे."

त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवून माझ्याकडं पाहिलं. "पाणी? बाई, आत वायर आहे. माणूस आहे."

शेवटी गालांवरून निळे दिवे ओघळल्यासारखे लावून द्यायचं ठरलं. रडणारा रोबोट त्यांच्याकडं आजवर कुणी मागितला नव्हता, त्यामुळं त्यांना थोडा वेळ हवा होता. तोवर एक तयार रोबोट कामावर कसा चालतो ते बघा म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बदलापूरला हळद होती, टेम्पो इथूनच निघणार होता, रोबोटातला माणूस बाळाराम मला घेऊन जाईल. निघताना त्यांनी एकच नियम सांगितला आणि तो बोट वर करून सांगितला. "डोकं पब्लिकसमोर काढायचं नाही. कितना भी पसीना आए. डोकं काढलं की रोबोट मर गया. फिर क्या बचा? एक घामट आदमी."

अंबरनाथ

शालनकडं रात्री सुरमई आणि सकाळी घावन. शिवमंदिर पाहिलं, दगडाला हात लावून बसले, पण त्याबद्दल माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी लिहिलेलं आहे. मला सांगायचंय ते जावईबापूंबद्दल.

शालनचे यजमान एमआयडीसीत एका कंपनीत आहेत. तुम्ही रोबोट-रोबोट करताय तर आमचा बघा, म्हणून त्यांनी परवानगी काढली. मी हौसेनं गेले. जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात एक पिवळा हात होता. नुसता हात. खांद्यापासून जमिनीत रोवलेला. तो एका पट्ट्यावरचे खोके उचलायचा, दुसरीकडं रचायचा, परत वळायचा. ना डोकं, ना डोळे, ना छाती. मी बराच वेळ पाहिलं. मग खरं सांगायचं तर मला कंटाळा आला.

त्याला तिथले कामगार जावईबापू म्हणतात. कारण विचारलं तर एक जण म्हणाला, "परगावचे आहेत, थंड हवेत ठेवावं लागतं, आणि जरा काही कमी पडलं की रुसतात." तो बंद पडला की सगळ्या कारखान्यात निरोप जातो, जावई रुसले. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालतात आणि पिवळ्या रंगावर कुंकवाचं बोट उमटवतात. ते बोट अजून दिसत होतं.

पिंजऱ्याच्या दारावर मात्र लहान मुलांच्या वहीवरचं एक स्टिकर लावलेलं होतं. चौकोनी डोकं, दोन गोल डोळे, डोक्यावर तार. मी विचारलं, हे कशाला? शालनचे यजमान म्हणाले, "पाहुणे येतात आणि या हाताच्या समोर उभं राहून विचारतात, रोबोट कुठाय? म्हणून लावलं." मीही आत येताना तेच विचारलं होतं.

बदलापूर, हेंद्रेपाडा

बाळाराम पंचेचाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. मूळचा वांगणीकडचा आगरी. टेम्पो तोच चालवत होता. मागं रोबोटाचा सूट चादरीत गुंडाळून ठेवलेला, आणि डोकं मात्र पुढं, माझ्या मांडीवर. टेम्पोत आदळून दिवे फुटतात म्हणे.

तो आधी अंबरनाथलाच एका कंपनीत होता असं कळल्यावर माझ्यातली नाटकवाली जागी झाली. "मग रोबोटानं नोकरी घालवली का हो तुमची?" मी विचारलं. किती छान प्रवेश झाला असता.

"नाय हो बाई," तो म्हणाला. "कंपनीच बंद झाली. रोबोट असता त पहिला तोच भंगारात गेला असता."

अंबरनाथ सोडलं आणि त्याच्या फोनवर डेकोरेटरनं पत्त्याची खूण पाठवली. त्यानं गाडी कडेला घेऊन ती पाहिली, मोठी केली, परत पाहिली. मग गाडी बंद केली.

"काय झालं?"

"घर बहिणीचं हाय," तो म्हणाला. "हळद पूजाची. माझ्या भाचीची."

मी म्हणाले, मग चांगलंच की. त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धी संपवली आणि मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. वांगणीची शेती फार्महाऊसवाल्यांना विकली, तेव्हा सुनंदाची, म्हणजे बहिणीची, कागदावर सही लागत होती. "सही घेतली. विचारलं नाय," तो म्हणाला. तिनं सही केली, पेन टोपण लावून परत दिलं, आणि त्या वर्षापासून भाऊबीजेला आली नाही. हाही गेला नाही. पूजा तेव्हा दोन वेण्या घालायची.

"लग्नाचं बोलावणं?"

"पत्रिका आली. व्हॉट्सॲपवर."

तुम्हाला यात काही वाटणार नाही, मलाही चटकन वाटलं नाही. पण इकडं मामाला बोलवायचं ते बहिणीनं स्वतः जाऊन, अक्षत घेऊन, उंबऱ्यात बसून. मामाशिवाय नवरी मांडवात येत नाही. त्या मामाला फोनवर पत्रिका पाठवणं म्हणजे येऊ नको असं सांगणं, असं त्याचं म्हणणं. मी म्हणाले, "अहो, पण न पाठवणंही जमलं असतं की तिला." त्याला ते आवडलं नाही.

मी आमच्याकडच्या पद्धतीनं उपदेश सुरू केला, सरळ जा, बहिणीसमोर उभा राहा. तो म्हणाला, "सगळ्या गावासमोर? आनि तिनं तोंड फिरवलं त?" परत फिरायचं म्हटलं तर परसूभाईंकडं दुसरा माणूस नव्हता आणि भाचीच्याच हळदीचा कार्यक्रम मोडला असता. शेवटी त्यानं माझ्या मांडीवरच्या डोक्याकडं पाहिलं. "ह्ये घातल्यावर कोन वळकतंय," म्हणाला आणि गाडी सुरू केली.

मला अजिबात धीर नव्हता. वाटेत मी दोनदा त्या डोक्याचे डोळे निळेच आहेत ना ते बघितलं.

हेंद्रेपाड्यातली ती गल्ली मांडवानं पूर्ण भरलेली. एका बाजूला बँजो पार्टी, दुसऱ्या बाजूला मोठमोठी पातेली, मटणाचा आणि तांदळाच्या भाकऱ्यांचा वास. आमच्याकडं हळद म्हणजे घरातल्या चार बायका, जातं आणि एक गाणं. इथं अख्खा पाडा पिवळा. मी ओळखीची ना पाळखीची, तरी मांडवात पाय ठेवताच एका बाईनं माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि "जेवून जायचं" असं बजावलं.

बाळारामनं टेम्पोतच सूट चढवला. धूर सोडत, छातीवर दिवे फिरवत रोबोट मांडवात शिरला आणि पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. मान झटक्यानं, हात तुकड्यातुकड्यानं, सगळं परसूभाईंच्या शास्त्राप्रमाणं. पाहुण्यांशी हात मिळवले, म्हाताऱ्यांना सलाम ठोकला. बँजोवर त्यांच्याकडचं गाणं सुरू झालं तेव्हा मात्र रोबोटाची कंबर जरा जास्तच सैल झाली, पण ते फक्त मला खटकलं असावं. सुनंदाच्या समोरून तो कधी गेला नाही. ती कुठं उभी असेल तिकडं पाठ. बिचाऱ्याचं मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता.

मग वाजप थांबलं. मुख्य हळद सुरू झाली. पूजा पिवळी साडी नेसून पाटावर बसली. शेजारी धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी. इकडं भटजींइतकाच तिचा मान. ती गाण्यातून एकेका नातलगाला बोलावते, ज्याला बोलावलं त्यानं उठायचं आणि आंब्याच्या पानानं हळद लावायची. आजोबा झाले, काका झाले, आत्या झाली. फोटोसाठी रोबोटाला डेकोरेटरनं नवरीच्या मागंच उभं केलेलं होतं.

म्हातारीनं मामाला बोलावलं.

कुणी उठलं नाही. तिनं ती ओळ परत म्हटली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पूजानं मान खाली घातली. सुनंदा ताटातली पानं उगीच सारखी करत म्हणाली, "पुढचं घे आजी. मामा नाय आला."

तेवढ्यात रोबोट हलला. पाटाला वळसा घालून पुढं आला आणि गुडघे वाकवून खाली बसला. पायाखाली उंचवटे बांधून तसं बसणं किती अवघड असेल ते मला माहीत होतं. त्यानं ताटातलं पान उचललं, हळदीत बुडवलं आणि पूजाच्या पायांना लावलं. मग गुडघे, मग खांदे, मग कपाळ. पान खाली ठेवलं. शेवटी फोमचं ते जाडं बोट हळदीत टेकवून त्यानं तिच्या डाव्या कानामागं एक ठिपका लावला.

मांडव हसला, टाळ्या वाजल्या, दहा-वीस मोबाइल वर झाले. माझ्या शेजारचे एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "बगा, आता आपली रीतपन फीड करतात त्याच्यात."

दुसरा म्हणाला, "ज्यादा पैशे घेत असतील त्याचं."

म्हातारी थांबलीच नाही. मामा आला, मामानं हळद लावली, असं तिनं गाण्यात म्हणून टाकलं आणि पुढच्या नातलगावर गेली. आणि सुनंदा? ती हसली नाही. तिचा हात तिच्या स्वतःच्या डाव्या कानामागं गेला होता आणि तिथंच राहिला होता.

मग ती उठली. रोबोट अजून खालीच होता, त्याला उठता येत नव्हतं. तिनं दुसरं पान घेतलं. रोबोटाच्या चांदीच्या पायांना हळद लावली, गुडघ्यांना, खांद्यांना, कपाळाला. रोबोटाला कान नसतो, एक गोल चकती असते. त्या चकतीमागं तिनं बोट टेकवलं. पोरं ओरडली, "डोकं काढ, डोकं काढ, बघू कोन हाय!" एकानं तर हातही घातला. सुनंदानं तो हात झटकला. "हात लावू नको त्याला," म्हणाली, आणि दोघा जणांना सांगून रोबोटाला उभं करवलं.

टेम्पोत परत आल्यावरही बाळारामनं डोकं काढलं नाही. मागच्या फळीवर तसाच बसून राहिला. आतून श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, आता इथं पब्लिक नाही. तरी नाही.

जरा वेळानं सुनंदा आली. हातात ताट, मटण, भात, तीन भाकऱ्या. तिनं ते फळीवर ठेवलं. मी उतरायला लागले तर म्हणाली, "बसा हो, चोरीचं काय नाय." मग त्या डोक्याकडं बघून विचारलं, "पत्रिका पोचली होती ना?"

ते मोठं डोकं वर-खाली झालं.

"मना वाटलं भांडायला तरी येशील. मामाला कोन व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवतं, असं बोलत. मी वाट बघत होते."

तिनं पदरानं ताटाची कड पुसली. "उद्या पूजाला मांडवात आनायचंय. त्याला मामा लागतो," ती म्हणाली. "रोबोट चालायचा नाय."

एवढं बोलून ती गेली. तिच्या मागं मांडवात परत बँजो सुरू झाला. बाळारामनं डोकं काढून बाजूला ठेवलं. तो रडत होता. घाम नव्हता, घाम मला कळतो. पुरुषमाणूस इतका वेळ रडताना मी नाटकाबाहेर पाहिलेला नाही, आणि मीही रडले हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"आई लावायची आमची, कानामागं," तो नंतर म्हणाला. "सगळ्या अंगाची हळद जाते, कानामागची शेवटी जाते म्हनायची." मग ताट माझ्याकडं सरकवलं. "भाकर घ्या बाई. तिच्या हातची हाय."

परत कॅम्प दोन

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा सूट घ्यायला गेले तर परसूभाई वैतागलेले. बाळारामचा रोबोट खुंटीला होता, कपाळावर आणि चकतीमागं पिवळा. पुसून पुसून दमले, फोममध्ये हळद मुरली होती. त्या दिवशीही कुठंतरी रिसेप्शन होतं आणि नाचायला माणूस नव्हता. "बाळाराम बोला, घर की शादी है," ते म्हणाले. "कल तक तो इसका कोई घर ही नहीं था."

मग माझं डोकं पुढं आणून त्यांनी बटण दाबलं. निळे दिवे डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत एकापाठोपाठ एक ओघळले. काम फार सुंदर झालं होतं. परसूभाई माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "हे काढा."

"क्यों? आप ही ने बोला, रोना माँगता."

"रडेल तो," मी म्हणाले. "पण रडताना डोकं काढेल. पब्लिकसमोर. तेवढं पटकन निघेल असं करून द्या."

परसूभाईंनी चष्मा उतरवला. "बाई, मैंने बोला था आपको. डोकं काढलं की रोबोट मर गया."

"मरू द्या," मी म्हणाले.